मन आणि हात

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला एका आईचा फोन आला. ओळख तशी बेताचीच. मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभ्या होत्या, तेव्हा नंबर घेतले होते. त्यांचा मुलगा इथेच न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. त्याला विभागाकडून ईमेल आला होता : 'साय काय' या मानसशास्त्राच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या ऑनर सोसायटीचा सभासद व्हायला तू पात्र आहेस, अमुक तारखेच्या आत अर्ज कर आणि फी भर. "ताई, हे खरं असतं का हो?" त्यांनी विचारलं. "आणि खरं असलं, तरी त्याला पुढे उपयोग काय त्याचा?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आधीच मानसशास्त्र घेतलं म्हणून हे नाराज आहेत. त्यात आणखी पैसे मागितले, तर मी कुठल्या तोंडाने सांगू?"

तासभर बोललो आम्ही. फोन ठेवला तरी झोप येईना, कारण त्यांचा तो प्रश्न मी माझ्या स्वयंपाकघरात स्वतःच्या तोंडून ऐकलेला होता. म्हणून मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांशी जरा मोकळेपणाने बोलावं म्हणते.

मानसशास्त्रच शिकणारी माझी मुलगी एकदा वसंतातल्या सुट्टीला घरी आली होती. मी पोळ्या लाटत होते, ती ओट्याला टेकून तूप लावत होती. "आई, मला साय कायचं बोलावणं आलंय," ती म्हणाली. मी वर न बघताच म्हटलं, "पैसे उकळायचे धंदे असतात ते. टाक कचऱ्यात." तिने वाद घातला नाही. पुढच्या पोळीला तूप लावलं आणि विषय संपला. महिनाभराने सभासदत्वाच्या समारंभाचं आमंत्रण आलं, तेव्हा मला कळलं की लायब्ररीच्या काउंटरवर रात्रीचे तास करून मिळवलेल्या पैशांतून तिने फी भरली होती. आम्हाला न सांगता. फीचे पैसे तिने मागितले नाहीत याचं मला वाईट वाटलं नाही. वाटलं ते याचं, की मुलीला इतका आनंद झाला होता आणि तो सांगायला आलेली असताना मी तिला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. काय आहे हे? कोण आहेत लोक? तुला का जावंसं वाटतं? तीन वाक्यं होती. पोळी करपली असती एखादी, एवढंच.

माझी शंका मात्र अगदीच खोटी नव्हती. इथे मूल कॉलेजात गेलं, की "तुमच्या पाल्याची निवड झाली आहे" अशी पत्रं घरी येऊ लागतात. नावं ग्रीक, कागद जाड, आत एक सोनेरी शिक्का आणि पैसे भरायचा पत्ता. त्यांतली काही खरोखर निव्वळ पैशांसाठी असतात. म्हणून पारखायचं कसं, ते सांगते. संस्थेची शाखा तुमच्या मुलाच्या स्वतःच्या कॉलेजात, त्याच्याच विभागात आहे का? शाखेला कोणी प्राध्यापक मार्गदर्शक आहेत का, ज्यांच्या खोलीचं दार मूल उद्या जाऊन ठोठावू शकेल? आणि संस्था 'असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज' या १९२५ साली स्थापन झालेल्या महासंघाची सभासद आहे का? या तिन्हींना 'हो' असं उत्तर आलं, तर पत्र कचऱ्यात टाकू नका. साय कायच्या बाबतीत तिन्ही उत्तरं 'हो' अशी आहेत.

अमेरिकेत या ऑनर सोसायट्यांची परंपरा जुनी. 'फाय बीटा कॅपा' तर १७७६ सालची, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीची. साय काय त्या मानाने धाकटी, पण तिच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. १९२९ च्या सप्टेंबरात येल विद्यापीठात मानसशास्त्राची नववी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ही परिषद अमेरिकेत प्रथमच होत होती. कुत्र्यांवरच्या प्रयोगांमुळे जगाला ठाऊक झालेले पावलोव्ह ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना रशियाहून तिथे आले होते. जगभरातल्या एवढ्या मोठमोठ्या नावांच्या त्या मेळ्यात ४ सप्टेंबरला ही संस्था स्थापन झाली, आणि ती स्थापन करण्यामागे होते दोन विद्यार्थी, फ्रेडरिक लुईस आणि एडविन न्यूमन. कॅन्सस विद्यापीठात दोन वर्षं त्यांच्या मनात ही कल्पना घोळत होती. नाव आधी 'सिग्मा पाय सिग्मा' ठेवलं, मग कळलं की त्या नावाची भौतिकशास्त्राची संस्था आधीपासूनच आहे, तेव्हा पुढच्या वर्षी ते बदलून 'साय काय' केलं. आज हजाराहून जास्त कॉलेजांत तिच्या शाखा आहेत आणि २००९ पासून ती अमेरिकेबाहेरही गेली आहे.

नावावरून आठवलं. माझ्या आईला पुण्याला फोनवर सांगितलं, "नातीला साय कायमध्ये घेतलं," तर ती म्हणाली, "कसली साय?" मग तिला समजावलं. 'साय' आणि 'काय' ही ग्रीक अक्षरं. पहिलं मन या अर्थाच्या शब्दाचं, दुसरं हात या अर्थाच्या शब्दाचं. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मन आणि हात. चांगलं आहे की मग." आजीला जे अर्ध्या मिनिटात चांगलं वाटलं, ते मला कळायला वर्ष जावं लागलं.

कुणाला घेतात? दर कॉलेजात थोडाफार फरक असतो, पण अमेरिकेतल्या पदवीच्या मुलांसाठी साधारण नियम असे : किमान तीन सत्रं पूर्ण झालेली हवीत, मानसशास्त्राचे निदान नऊ क्रेडिट पुरे हवेत, तो मुख्य किंवा दुय्यम विषय हवा, आणि आपल्या वर्गात वरच्या ३५ टक्क्यांत असायला हवं, जीपीए तीनच्या खाली नको. फी एकदाच, सभासदत्व आयुष्यभराचं. शाखा वरती स्वतःचे थोडे पैसे घेते कुठे कुठे. पूर्वी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून मग मोठ्या कॉलेजात जायचं, हे मराठी घरांत कमीपणाचं वाटे. आता पैशांचा हिशेब बघून पुष्कळजण तसं करतात आणि शहाणपणाचं करतात. त्या मुलांसाठी 'साय बीटा' ही वेगळी संस्था १९७७ पासून आहे, हेही लक्षात असू द्या.

आता उपयोग. फोनवरच्या त्या बाईंना मी जे सांगितलं, तेच इथे सांगते, आणि खोटी आशा लावत नाही.

इथे मानसशास्त्रात बी.ए. झालं, की मूल सायकॉलॉजिस्ट होत नाही. आपल्यापैकी पुष्कळांना हे पदवीदानाच्या दिवशी कळतं. सायकॉलॉजिस्ट म्हणून रुग्ण बघायचे, तर पुढे डॉक्टरेट, मग प्रत्यक्ष देखरेखीखाली काम, मग राज्याचं लायसन्स. समुपदेशक किंवा शाळेतला मानसशास्त्रज्ञ व्हायचं, तरी पदव्युत्तर शिक्षण लागतंच. आणि क्लिनिकल पीएच.डी.च्या जागा फार थोड्या. एकेक प्राध्यापक वर्षाला एखाददुसराच विद्यार्थी घेतो. त्यांच्या टेबलावर शेकडो अर्ज असतात, आणि त्या सगळ्या मुलांचे मार्क चांगलेच असतात. तिथे विचारलं जातं ते असं : या मुलाने कुणाच्या लॅबमध्ये काम केलंय? त्याला जवळून ओळखणारे प्राध्यापक त्याच्याबद्दल काय लिहितात?

अर्जावर 'सभासद, साय काय' अशी एक ओळ आली म्हणून कुणी प्रवेश देत नाही. मात्र तीनशे मुलांच्या व्याख्यानात मागच्या रांगेत बसणारी आमची अबोल मुलगी शाखेच्या दर पंधरवड्याच्या बैठकीत वीस जणांत बसू लागली. तिथे मार्गदर्शक बाईंना तिचं नाव कळलं. एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीने तिला सांगितलं, की आमच्या लॅबला माहिती नोंदवायला कुणीतरी हवंय, पैसे मिळणार नाहीत. ती गेली. दोन वर्षांनी तिच्यासाठी जी तीन शिफारसपत्रं गेली, त्यांतली दोन या ओळखींतून आलेली होती, आणि लिहिणाऱ्यांना आमची लेक खरोखर माहीत होती. मार्कशीट बघून लिहिलेलं पत्र आणि माणूस बघून लिहिलेलं पत्र यांत फरक असतो, आणि तो वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतो.

बाकीचे फायदे भरभर सांगते. संशोधनाला आणि परिषदेच्या प्रवासाला संस्था अनुदानं देते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. विद्यार्थ्यांचं लिखाण छापणारं संस्थेचं स्वतःचं संशोधन-नियतकालिक १९९६ पासून निघतं. ज्या मुलांना अमेरिकेचं नागरिकत्व आहे आणि केंद्र सरकारच्या नोकरीत जायचं आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट फार कमी घरांत ठाऊक असते. नुसत्या पदवीवर तिथे जीएस-५ या श्रेणीत सुरुवात होते, पण मान्यताप्राप्त ऑनर सोसायटीचं सभासदत्व हे उत्तम शैक्षणिक कामगिरीचा एक पुरावा धरतात आणि त्यावर काही पदांना थेट जीएस-७ साठी पात्र ठरता येतं. पगारात तो फरक चांगला जाणवतो.

मला स्वतःला जे बघायला मिळालं, ते मात्र या यादीत बसत नाही.

तिसऱ्या वर्षी शाखेतल्या चार मुलींनी मिळून एक प्रयोग करायचं ठरवलं. २०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा एक अभ्यास फार गाजला होता. व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर टिपणं घेणारे आणि हाताने लिहिणारे अशा विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. हाताने लिहिणाऱ्यांना विषयाचा गाभा जास्त समजला, असं त्यांना दिसलं. मी तर हे ऐकून खूश झाले. आमच्या घरात माझं पालुपदच होतं, की एकदा लिहिणं म्हणजे दहादा वाचणं. लेकीला लहानपणी मी पाढे, स्पेलिंगं, इतिहासाच्या सनावळ्या, सगळं वहीत काढायला लावलं होतं. मनात म्हटलं, करा प्रयोग. आईचं बरोबर निघेल.

तेवढ्यावर थांबले नाही मी. "तुला माणसं हवीत ना? मंडळातल्या वीस-पंचवीस जणांना मी शनिवारी बोलावते, चहा-पोहे करू, तू टिपणं घ्यायला लाव," असं फोनवर सांगितलं. ती हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "आई, तसं चालत नाही. आधी कॉलेजच्या आयआरबीची, म्हणजे माणसांवरचे प्रयोग तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. प्रत्येकाला संमतीपत्र द्यावं लागतं, आणि मध्येच उठून जायचं असेल, तर जाता येईल, हे सांगावं लागतं. तू बोलावलेल्या मावशा तुझ्या शब्दाखातर बसतील. त्याला संमती म्हणत नाहीत." मी फोन धरून तशीच उभी राहिले. चाळीस वर्षं मी माणसांना 'माझ्या शब्दाखातर' बसवत आले होते, त्यात माझी मुलगीही होती. कुणाला उठून जायचं असेल, असा विचार मनात आलाच नव्हता. हे एकवीस वर्षांच्या मुलीने मला शिकवलं, आणि ती ते बैठकीत शिकली होती.

मार्चमध्ये फिलाडेल्फियाला ईस्टर्न सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या वार्षिक परिषदेत त्यांचं पोस्टर होतं. शाखेने केक विकून थोडे पैसे जमवले होते, चौघी एका खोलीत राहिल्या. तिचे बाबा आणि मी गाडीने गेलो. मोठं दालन, रांगेने उभे केलेले फळे, आणि प्रत्येकापुढे एकेक अवघडून उभं राहिलेलं मूल. आमच्या लेकीने पुठ्ठ्याच्या लांब नळीतून पोस्टर काढलं. कडा परत परत गुंडाळत होत्या, तेव्हा तिच्या बाबांनी दोन्ही तळहातांनी कागद फळ्यावर सपाट धरून ठेवला आणि तिने चारी कोपऱ्यांत टाचण्या टोचल्या. ज्या माणसाने "मानसशास्त्र घेऊन खाणार काय?" असं दोन वर्षं विचारलं होतं, तो तिथे पोस्टर धरून उभा होता. मी फोटो काढायचा विसरले, पण ते हात मला दिसतात अजून.

पोस्टर वाचलं आणि माझा चेहरा पडला. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघालाच नव्हता. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त उतरवले होते, बोललेलं जसंच्या तसं जास्त टिपलं होतं, पण परीक्षेत मार्क जवळपास सारखेच. "म्हणजे तुमचा प्रयोग फसला?" मी हळूच विचारलं. तेवढ्यात एक वयस्क बाई आल्या, गळ्यात परिषदेचा बिल्ला. त्यांनी वाकून आकडे वाचले, किती जण होते, व्याख्यान कोणतं दाखवलं, परीक्षा किती वेळाने घेतली, एकामागून एक विचारत गेल्या. मुलीने सगळ्याची उत्तरं दिली. एकाला म्हणाली, "ते आम्हाला सांगता येणार नाही, तेवढा नमुना नव्हता." बाई म्हणाल्या, "छान. हे असंच छापा." आणि पुढच्या पोस्टरकडे गेल्या.

परतताना गाडीत तिने समजावून सांगितलं. २०१५ साली शेकडो संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले गाजलेल्या नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत पहिल्यासारखा ठोस परिणाम मिळाला. तेव्हापासून या विषयात जुने प्रयोग प्रामाणिकपणे पुन्हा करून बघण्याला फार मोल आलंय, आणि हे काम पदवीच्या मुलांनाही करता येतं. लॅपटॉप आणि वहीचा तो अभ्यासही टफ्ट्स विद्यापीठात एका प्राध्यापिकेने आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांनाही परीक्षेच्या मार्कांत तो फरक सापडला नाही. "म्हणजे माझं चुकलं होतं का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "आई, एवढ्यावरून तेही म्हणता येत नाही. अजून करून बघावं लागेल." मन आणि हात म्हणजे काय, ते मला त्या गाडीत, टर्नपाइकच्या महामार्गावर, कळलं. मनात एक गोष्ट चाळीस वर्षं पक्की बसलेली असली, तरी हातांनी ती तपासून बघायची, आणि जे निघेल ते मान्य करायचं.

यातलं काहीही घरबसल्या होत नाही. फी भरली, दाखला आला, भिंतीवर लावला, आणि मूल एकाही बैठकीला गेलं नाही, तर ते पैसे वाया गेलेच म्हणा. आईवडील म्हणून आपण एवढंच करू शकतो, की दाखल्याबद्दल विचारायचं कमी करायचं आणि कामाबद्दल विचारायचं. "सध्या लॅबमध्ये काय चाललंय?" असं विचारा. उत्तरातलं अर्धं कळलं नाही, तरी ऐका. माझ्याही डोक्यावरून पुष्कळ जातं.

ज्यांचं मूल त्या ३५ टक्क्यांत बसत नाही, त्यांच्याशीही बोलायचंय. मनाला लावून घेऊ नका, आणि मुलाला तर मुळीच लावून घेऊ देऊ नका. लॅबमध्ये काम करायला सभासद असावंच लागतं असं नाही. पुष्कळ कॉलेजांत सायकॉलॉजी क्लब वेगळा असतो, तो सगळ्यांना खुला असतो, आणि साय कायची व्याख्यानंही बहुतेक ठिकाणी कुणालाही ऐकता येतात. पहिल्या वर्षी घर सोडून आल्यावर मार्क घसरलेली कितीतरी मुलं असतात. पुढल्या सत्रात मार्क वर आले, तर अर्ज तेव्हाही करता येतो. आणि हा विषय शिकणाऱ्या मुलांना स्वतःलाही कधी कधी फार जड होतं, हे विसरू नका. नैराश्याचा धडा वाचून झोप उडालेली मुलगी रात्री फोन करते, तेव्हा तिला जीपीए विचारू नका. ती चूकही मी केली आहे.

फोनवरच्या त्या आईंना मी हे सगळं सांगितलं, थोडं इकडचं तिकडे करून. मधेच एकदा मागून पुरुषाचा आवाज आला, "स्पीकरवर टाक." त्यांनी टाकला. फी किती, नोकरीला कितपत उपयोग, पीएच.डी.ला पैसे भरावे लागतात का, असं बरंच त्यांनी विचारलं. बऱ्याच पीएच.डी.त शिकवणी फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं, आणि साय.डी. या दुसऱ्या पदवीत बहुधा आपले पैसे लागतात, हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी भरतो फी. त्याला सांगू का, मी भरली म्हणून?"

"सांगा की," मी म्हटलं.

फोन ठेवायच्या आधी बाईंनी विचारलं, "आणि तो समारंभ असतो म्हणालात, त्याला आईवडिलांना बोलावतात का?"

बोलावतात. आमच्या वेळी दिवे मंद करून एकेका मुलाने मेणबत्ती लावली होती, मग सगळ्यांनी एका मोठ्या वहीत सह्या केल्या होत्या. माझी मुलगी सही करून वळली, तेव्हा ती प्रेक्षकांत कुणाला तरी शोधत होती.

"साडी नेसून आलं तर विचित्र दिसेल का?" त्या म्हणाल्या.

"काहीही नेसा," मी म्हटलं, "फक्त पुढच्या रांगेत बसा. त्याला दिसलं पाहिजे."